सेंटिमीटरभर रंगीत समुद्री गोगलगायीचं वर्णन कसं लिहावं?

खडपकर

दक्षिण कोकणातल्या एका खडपावर उधाणाच्या ओहोटीला उघड्या पडणाऱ्या कपारीत, हायड्रॉइडच्या (झुडपासारख्या दिसणाऱ्या समुद्री प्राण्यांच्या वसाहतीच्या) झुपक्यावर एक बिनशंखाची गोगलगाय दिसते. तिची टिपणं अशी आहेत:

"लहान, साधारण १ सेंमी. अंग पांढरं. डोक्यावर चार शिंगं. तोंडाजवळ नारिंगी ठिपके. पाठीवर लालसर केसांचे गुच्छ, त्यांची टोकं निळी. शेपूट टोकदार. दिसायला फार सुंदर. क्रॅटेना पेरेग्रिना?"

साधनं म्हणजे मोबाइल, त्याला अडकवायचं मॅक्रो भिंग आणि प्लास्टिकची डबी. तीन प्रश्न आहेत.
१) हे वर्णन कुठे कमी पडतं?
२) नाव बरोबर आहे का?
३) जात नवीन निघालीच, तर रीतसर काय करावं लागतं?

---

भिंगवाली

दुसरा प्रश्न आधी घेते. क्रॅटेना पेरेग्रिना ही भूमध्य समुद्रातली आणि त्याला लागून असलेल्या अटलांटिकमधली जात. नाव १७९१ सालचं, चित्रं सगळीकडे उपलब्ध, त्यामुळे नारिंगी ठिपके आणि निळी टोकं दिसली की जगभर कुठेही हेच नाव चिकटवलं जातं. ब्राझीलच्या किनाऱ्यावरच्या गोगलगायींनाही पेरेग्रिनाच म्हणत. २०१४ मध्ये शरीररचना आणि डीएनए एकत्र तपासल्यावर त्या वेगळ्या निघाल्या आणि त्यांना क्रॅटेना मायनर हे नाव मिळालं. आपल्याकडे २०२० मध्ये पश्चिम भारताच्या किनाऱ्यावरून क्रॅटेना या प्रजातीतल्या (म्हणजे जीनसमधल्या) दोन नव्या जातींचं वर्णन प्रसिद्ध झालं: क्रॅटेना पोशित्रा आणि क्रॅटेना पवारशिंदेओरम. पोशित्रा हे कच्छच्या आखातातलं गाव. दुसऱ्या नावात दोन मराठी आडनावं आहेत, शेवटचं "ओरम" हा लॅटिन षष्ठीचा अनेकवचनी प्रत्यय. म्हणजे कोकणात क्रॅटेनासारखं काही दिसलं तर भूमध्य समुद्रात जायच्या आधी या दोघींशी ताडून पाहा. तोवर वहीत "क्रॅटेना, जात अनिश्चित" एवढंच लिहा.

आता वर्णनाबद्दल. तुम्ही रंग लिहिलेत, पण रंग कुठल्या थराचा आहे ते लिहिलं नाही. या गटात सगळा घोळ तिथेच होतो. अशा गोगलगायीत तीन थर वेगवेगळे बघायचे.

पहिला थर मूळ मांसाचा. तुम्ही म्हणता ते "पांढरं" बहुधा पांढरं नसून अर्धपारदर्शक असणार. काळ्या पार्श्वभूमीवर ठेवलीत की ते दुधी काचेसारखं दिसेल, खऱ्या पांढऱ्या रंगासारखं नाही.

दुसरा थर आतल्या पाचक ग्रंथीचा. पाठीवरचे ते "केस" म्हणजे सेराटा, एकाला सेरस म्हणतात. प्रत्येक सेरसमध्ये पाचक ग्रंथीची एक फांदी शिरलेली असते आणि तिचा रंग खाल्लेल्या अन्नावर अवलंबून असतो. पोटभर खाल्लेली गोगलगाय तांबडी, चार दिवस उपाशी असलेली फिकट. तुमचा "लालसर" हा शब्द बहुतेक गोगलगायीचा रंग सांगत नाही, तिच्या जेवणाचा सांगतो.

तिसरा थर कातडीवरच्या अपारदर्शक रंगाचा: नारिंगी ठिपके, पांढरे कण, निळी टोकं. हा त्यातल्या त्यात टिकाऊ. जात ओळखताना वजन याला द्यायचं, पण तो नेमका कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो हे लिहिलं तरच.

"फार सुंदर" खोडलंत तरी चालेल. ठेवलंत तरी कुणी रागावणार नाही, पण ते ओळखायच्या उपयोगाचं नाही.

"चार शिंगं" हेही मोडून लिहा. पुढची जोडी मुखशुंडांची, मागची राइनोफोरची म्हणजे वास घेणाऱ्या शुंडांची. दोन्हींची लांबी एकमेकींच्या तुलनेत किती, राइनोफोर गुळगुळीत आहेत की त्यांवर कडी, सुरकुत्या किंवा पापुद्रे आहेत, हे रंगाच्या आधी यायला हवं. राइनोफोरच्या बुंध्यामागे कातडीखाली दोन काळे बारीक ठिपके दिसले तर ते डोळे. त्यांना नक्षी समजून मोजू नका, ही चूक सर्रास होते.

---

तिथीपाऊण

वेळेपासून सुरुवात करा, म्हणजे घाईत फोटो काढावे लागणार नाहीत. जुना हिशेब सगळ्यांना माहीत असेलच: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. द्वितीयेला दीडच्या सुमारास भरती, म्हणजे सकाळी साडेसातच्या आसपास सुकती, पूर्ण ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरा आणि भरती-ओहोटीच्या तक्त्यावरून पक्कं करा. अमावास्या-पौर्णिमेनंतरचे दोन-तीन दिवस सगळ्यांत चांगले. पाणी सर्वांत खाली जाण्याच्या तासभर आधी खडपावर पोचा आणि ओहोटीच्या मागोमाग खाली उतरा. भांगाच्या, म्हणजे लहान भरती-ओहोटीच्या, दिवसांत ही कपार बहुधा उघडीच पडणार नाही, फेरी फुकट जाईल.

गोगलगाय जागेवर असतानाच पहिला फोटो घ्या, ती ज्यावर बसली आहे ते हायड्रॉइड स्पष्ट दिसेल असा. हा फोटो नंतर कधीच मिळत नाही आणि सगळ्यांत जास्त विसरला जातो तोही हाच. हायड्रॉइडचा एक जवळचा फोटो वेगळा काढा, फांद्या कशा फुटतात आणि पॉलिप (वसाहतीतले एकेक जीव) कुठे आहेत हे दिसायला हवं. अन्न कळलं की ओळखीचा निम्मा रस्ता सरला. क्रॅटेना पेरेग्रिनाबद्दल २०१७ मध्ये एक मजेशीर गोष्ट पुढे आली. ती नुकतंच भक्ष्य पकडलेले पॉलिप पसंत करते आणि तिच्या आहारातला निदान अर्धा वाटा हायड्रॉइडने पकडलेल्या प्लवकांचा, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या बारीक जीवांचा, असतो. आपल्याकडच्या जातींत काय चालतं ते बघायचं तर "हायड्रॉइडवर होती" एवढ्यावर भागत नाही, ती खात होती की नुसती बसली होती हेही लिहा.

उचलताना चिमटा वापरू नका. या गटातल्या गोगलगायी दचकल्या की सेराटा गाळून टाकतात, मग मोजायला उरतं काय? मऊ केसांच्या शून्य नंबरच्या ब्रशने कडेने हळूच ढकला, किंवा त्या झुपक्याची छोटी फांदी पाण्याखालीच डबीत घ्या. हवेत उघडी काढली की ती चेपून थेंबासारखी होते.

डबीबद्दल: गोल, सपाट तळाची, काचेची पेट्री डिश घ्या. प्लास्टिकला ओरखडे असतात आणि मॅक्रोमध्ये ते दोरखंडासारखे दिसतात. पाणी त्याच डबक्यातलं, दोनपदरी सुती कापडातून गाळलेलं, खोली दीड-दोन सेंमी. पाणी कमी पडलं तर सेराटा पृष्ठभागाला चिकटून आडवे होतात, जास्त झालं तर भिंग जुळत नाही. डिशखाली एकदा काळा कागद, एकदा पांढरा, एकदा मिलिमीटरचा आलेख कागद. पारदर्शक अंग काळ्यावर कळतं, आतली ग्रंथी पांढऱ्यावर.

उजेड एका बाजूने तिरका द्या. मोबाइलचा फ्लॅश सरळ वरून पडला तर पांढरे कण जळून एकच डाग होतो आणि निळं टोक राखाडी येतं. फ्लॅश बंद करून बाजूने टॉर्च धरा, तिच्यावर ट्रेसिंग पेपर. एक्स्पोजर हाताने थोडं खाली आणा.

फोटो कमीत कमी पाच: वरून पूर्ण, उजवी बाजू, डावी बाजू, चेहरा समोरून आणि काचेखालून पाऊल. उजवी बाजू चुकवायची नाही, कारण जननछिद्र आणि गुदद्वार दोन्ही तिकडेच असतात. खालून बघताना पावलाचे पुढचे कोपरे गोल आहेत की शुंडांसारखे लांब ओढलेले, ते पाहा.

डिशमधलं पाणी उन्हात भराभर तापतं. दर दहा मिनिटांनी बदला, वीस मिनिटांच्या आत काम संपवून त्याच झुपक्यावर परत सोडा. दगड उलटला असेल तर जसा होता तसाच पालथा ठेवा, खालच्या बाजूचे प्राणी उन्हात मरतात. आणि प्रवाळांना हात लावू नका, ते वन्यजीव कायद्याच्या पहिल्या सूचीत आहेत.

---

खडपकर

दोघांचेही आभार. दोन अडचणी. सेराटा मोजताना एका फोटोत ३० येतात, दुसऱ्यात ४५. आणि त्याच झुपक्यावर दुसरी एक आहे, ६-७ मिमीची. तिचे सेराटा लालसर नसून तपकिरी आहेत आणि गुच्छही कमी. ही वेगळी जात धरायची का?

---

भिंगवाली

एकूण मोजू नका, गुच्छांनी मोजा. आणि फक्त एका बाजूचे मोजा.

वरून बघितलंत तर पहिल्या आणि दुसऱ्या गुच्छाच्या मध्ये पाठीवर एक फुगवटा दिसेल, नीट बघितलं तर धडधडताना दिसतो. ते हृदय. हीच खूण धरायची. हृदयाच्या पुढचा गुच्छ पहिला, तिथून मागे दुसरा, तिसरा असं मोजत शेपटीपर्यंत जायचं. प्रत्येक गुच्छात सेराटा कशा बुंध्यावर उगवलेत हे फोटोपेक्षा व्हिडिओत चांगलं कळतं. गोगलगाय वळते तेव्हा गुच्छ एकमेकांपासून सुटतात. तीस सेकंदांचा व्हिडिओ घ्या, त्यातून चौकटी थांबवून मोजा, तीनदा मोजा, तिन्ही आकडे लिहा. गळलेल्या सेरसच्या जागी बुटकं नवं टोक उगवलेलं असतं. त्याची वेगळी नोंद करा, पण मोजणीत धरा.

लहान गोगलगायीबद्दल लगेच निष्कर्ष नको. वय वाढेल तसे मागच्या बाजूला गुच्छ वाढतात आणि असलेल्या गुच्छांतही भर पडते. म्हणून लांबीशिवाय दिलेला सेराटांचा आकडा निरर्थक आहे. "११ मिमी लांबीला डाव्या बाजूस ६ गुच्छ" हे वाक्य कामाचं, "बरेच गुच्छ" हे नाही. तपकिरी रंगाचं कारण वर आलंच आहे, आत काय पचतंय त्यावर ते ठरतं. दोघींमध्ये ताडायचं ते चेहऱ्यावरच्या नारिंगी डागांची जागा, राइनोफोरचा पोत आणि निळ्या टोकाची व्याप्ती. ही तीन जुळली तर लहानमोठेपणाचा फरक समजा. एक जरी सातत्याने वेगळं निघालं, निदान चार-पाच गोगलगायींत, तर मग विचार करा.

लांबी सरपटत असताना मोजा. थांबलेली, आक्रसलेली ११ मिमीची गोगलगाय ७ मिमीची वाटते. आलेख कागदावरून सरळ रेषेत जाताना तीन फोटो, सर्वांत मोठा आकडा घ्यायचा, मुखशुंड वगळून डोक्याच्या पुढच्या कडेपासून शेपटीच्या टोकापर्यंत.

---

काचपट्टी

तुमच्या तिसऱ्या प्रश्नाआधी प्रयोगशाळेतलं सांगतो, कारण फोटोंवरून क्रॅटेनाची जात एका मर्यादेपर्यंतच पक्की होते. हे घरी करायचं काम नाही. महाविद्यालयाच्या किंवा संस्थेच्या प्रयोगशाळेत, परवानग्या बघून, गरज असेल तेवढेच नमुने घेऊन करायचं.

जिवंत गोगलगाय थेट अल्कोहोलमध्ये टाकणं ही सगळ्यांत महाग चूक. ती आक्रसते, सेराटा झडतात, मुखशुंड आत ओढले जातात, नंतर कुठलंच प्रमाण मोजता येत नाही. आधी भूल द्यायची. मॅग्नेशियम क्लोराइड हेक्झाहायड्रेट ७५ ग्रॅम, साधं पाणी मिसळून द्रावण १ लिटर करा. हे समुद्राच्या पाण्याच्या बरोबरीचं होतं. ते समुद्राच्या पाण्यात निम्मंनिम्मं मिसळून त्यात गोगलगाय ठेवा. राइनोफोरला ब्रश लावल्यावर तो आत घेतला नाही की भूल लागली. घाई केली तर फॉर्मॅलिनमध्ये ती जागी होऊन आक्रसते, म्हणजे सगळं मुसळ केरात.

डीएनएसाठी ऊतक ९५ टक्के अल्कोहोलमध्ये, ते पावलाच्या मागच्या टोकाचं घ्या. सेरस सोपा वाटतो, पण त्यात पाचक ग्रंथी असते, म्हणजे हायड्रॉइडचं अर्धवट पचलेलं मांस. वर टोकाला हायड्रॉइडकडून उसन्या घेतलेल्या डंखपेशींची पिशवी. जात ओळखायला वाचतात त्या सीओआय जनुकासाठी वापरले जाणारे १९९४ चे प्रायमर (जनुकाचा हवा तो तुकडा पकडणारे डीएनएचे छोटे धागे) अपृष्ठवंशीयांसाठी सरसकट चालतात, हायड्रॉइडलाही. सुमारे ६५८ अक्षरांचा सुंदर क्रम येतो आणि तो निघतो जेवणाचा.

उरलेलं शरीर समुद्राच्या पाण्यात केलेल्या ४ टक्के फॉर्मॅल्डिहाइडमध्ये, म्हणजे बाजारातलं फॉर्मॅलिन १ भाग, पाणी ९ भाग. एक दिवसानंतर ७० टक्के अल्कोहोल. हातमोजे आणि खिडक्या उघड्या, फॉर्मॅलिन कर्करोगकारक आहे. रंग दोन्हींत जातात. फॉर्मॅलिन डीएनएही खराब करतं, म्हणून ऊतक आधी काढून ठेवायचं, नंतर आठवून उपयोग नाही. डोरिड गटातल्या गोगलगायींसाठी फॉर्मॅलिनची आम्लता बोरॅक्सने घालवावी लागते, नाहीतर त्यांच्या अंगातल्या चुन्याच्या सुया विरघळतात. मुंबईच्या नावाची गोनिओब्रँकस बॉम्बेयानस, १९४६ साली विंकवर्थने वर्णन केलेली, ती त्या गटातली. पाठीवर सेराटा नाहीत, मागच्या बाजूला कल्ल्यांचं फूल. क्रॅटेनाशी गोंधळ व्हायचं कारण नाही.

मग रॅड्युला, म्हणजे दातांची पट्टी. मुखाचा स्नायुगोळा काढून १० टक्के सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये रात्रभर ठेवायचा. मांस विरघळतं, दात आणि जबडे राहतात. ऊर्ध्वपातित पाण्याने तीनदा धुवायचं. सेंटिमीटरभर गोगलगायीची पट्टी मिलिमीटरपेक्षा लहान असते आणि धुताना पिपेटमधून वाहून जाते. काचेच्या वाटीखाली काळा कागद ठेवा, पाणी ओतू नका, ब्रशच्या एका केसाने पट्टी उचला. क्रॅटेनात प्रत्येक ओळीत एकच दात असतो, म्हणून सूत्र "१८ × ०.१.०" अशा धर्तीवर लिहितात: १८ ओळी, मधला एक दात, बाजूला काही नाही. मधल्या टोकाच्या दोन्ही अंगांना किती दातुले आहेत ते मोजा. पट्टीच्या पुढच्या टोकाचे दात झिजलेले असतात, म्हणून मोजणी मधल्या भागातल्या दातांवर करा.

---

तिथीपाऊण

रंग जातात यावर एक जुनी भर. १८६४ मध्ये ऑल्डर आणि हॅनकॉक या इंग्रज अभ्यासकांनी इंग्लंडमध्ये बसून मद्रास इलाख्याच्या किनाऱ्यावरच्या कितीतरी जातींचं वर्णन केलं, वॉल्टर इलियटने जमवलेल्या नमुन्यांवरून. बाटलीतले प्राणी केव्हाच फिके पडलेले. रंग सांगता आले ते सोबत आलेल्या चित्रांमुळे. तेव्हा चित्रकार लागत होता, आता मोबाइल पुरतो. तरी लोक बाटली आधी भरतात.

---

काचपट्टी

तिसरा प्रश्न. नवी जात जाहीर करायला या धाग्यावर लिहिणं, ब्लॉग किंवा फेसबुक चालत नाही. प्राणिनामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेनुसार नाव रीतसर प्रसिद्ध व्हावं लागतं, जात नवी असल्याचं स्पष्ट म्हणावं लागतं, एक होलोटाइप, म्हणजे त्या नावाला कायमचा जोडलेला नमुना, ठरवावा लागतो आणि तो कुठल्या संग्रहात ठेवला ते लिहावं लागतं. फक्त इलेक्ट्रॉनिक स्वरूपात निघणाऱ्या नियतकालिकात प्रसिद्ध करायचं तर आधी झूबँकमध्ये, म्हणजे प्राण्यांच्या नावांच्या अधिकृत ऑनलाइन नोंदवहीत, नोंदणी. शिवाय भारतात जैवविविधता कायदा २००२, कलम ३९: नव्या जातीची माहिती आणि नमुना शासनाने नेमलेल्या भांडारात द्यावा लागतो. प्राण्यांसाठी ते काम भारतीय प्राणी सर्वेक्षण करतं. मुख्यालय कोलकात्याला, आपल्याजवळचं केंद्र पुण्यात आकुर्डीला.

आणि नाव सुचायच्या आधी तुलनेचा तक्ता तयार हवा. एका बाजूला तुमची गोगलगाय, दुसऱ्या बाजूला पोशित्रा, पवारशिंदेओरम आणि जवळपासच्या समुद्रांतल्या बाकी क्रॅटेना. प्रत्येक रकान्यात तेच गुण, त्याच क्रमाने. रकाने रिकामे राहिले तर नाव थांबवा.

---

खडपकर

सगळं वाचून टिपण पुन्हा लिहिलं. तपासून द्याल का?

"दोन गोगलगायी, सरपटताना ११ आणि ७ मिमी. अंग अर्धपारदर्शक, पाठीवर मधोमध अपारदर्शक पांढरे कण. मुखशुंड राइनोफोरच्या दीडपट लांब. राइनोफोर गुळगुळीत, वरचा अर्धा भाग नारिंगी. मुखशुंड आणि राइनोफोर यांच्यामध्ये चेहऱ्यावर दोन्ही बाजूंना एकेक लांबट नारिंगी डाग. पावलाचे पुढचे कोपरे शुंडांसारखे लांब. सेराटा डाव्या बाजूस ११ मिमीला ६ गुच्छांत, ७ मिमीला ४ गुच्छांत. पाचक ग्रंथी मोठीत तांबूस, लहानीत तपकिरी. सेराटांची टोकं निळी. जननछिद्र उजवीकडे पहिल्या गुच्छाखाली. खडपाच्या खालच्या पट्ट्यात, फांद्यांच्या हायड्रॉइडवर, मोठी गोगलगाय पॉलिप खाताना. क्रॅटेना, जात अनिश्चित."

---

भिंगवाली

आता हे कुणीही वाचून ताडून बघू शकेल. तीन जागा राहिल्या.

"टोकं निळी" म्हणजे किती? सेरसच्या लांबीचा वरचा पाचवा भाग की तिसरा, निळ्याच्या वर अगदी टोकाला पांढरं काही आहे का, आणि निळा पट्टा पूर्ण गोल फिरतो की एका बाजूलाच आहे. हा निळा उजेडाचा कोन बदलला की बदलतो, तेव्हा दोन वेगळ्या कोनांतून बघून लिहा.

गुदद्वार राहिलं. उजव्या बाजूला, हृदयाच्या मागच्या गुच्छाजवळ शोधा. ते बारीक असतं आणि फोटोत सापडत नाही, व्हिडिओत विष्ठा टाकताना सापडतं.

तारीख, वेळ आणि सुकतीची उंची वहीत घाला. अक्षांश-रेखांश पाच दशांशांपर्यंत वहीत ठेवा, इथे मात्र तालुक्यापुरतंच सांगा. ओहोटीला खडपावर गर्दी झाली की पहिला तुडवला जातो तो हायड्रॉइडचा झुपका.

---

तिथीपाऊण

अंड्यांची नोंद राहिली. हायड्रॉइडच्या फांद्यांभोवती गुंडाळलेली दोऱ्यासारखी माळ दिसते का बघा. दिसली तर रंग, दोऱ्याची जाडी आणि वेटोळे किती ते लिहा, तोडू नका. दोन्ही लांबींच्या गोगलगायी आणि अंडी एकाच झुपक्यावर असतील तर लहानी मोठीचीच पिल्लावळ असण्याची शक्यता वाढते, पण पुरावा म्हणून ते पुरेसं नाही. पुढच्या उधाणाला तोच झुपका परत बघा, ६-७ मिमीवाली वाढली असेल तर गुच्छ किती झाले ते कळेल.